कोपऱ्यातले बटण

जूनचा तिसरा आठवडा. मोहाडीवर पहिला पाऊस नुकताच पडून गेला होता. आमच्या या भंडारा जिल्ह्यात पहिला पाऊस झाला की दोन ठिकाणी एकदम धांदल उडते. एक धानाच्या बांध्यांत, पऱ्हे टाकण्याची. आणि दुसरी महाविद्यालयाच्या कचेरीत, प्रवेशाची. मी मराठीचा अध्यापक. माझा पहिल्या धांदलीशी संबंध भातापुरता आणि दुसरीशी रजेच्या अर्जापुरता. तेव्हा त्या दिवशी सकाळी शिपाई वर्गाच्या दारात येऊन "सर, बडेबाबूंनी बोलावलं जी, लवकर या," असे म्हणाला, तेव्हा मला आश्चर्यच वाटले.

बडेबाबू म्हणजे आमच्या कचेरीचे मुख्य लिपिक. पुण्या-मुंबईच्या वाचकांना हेडक्लार्क म्हटले की चटकन कळेल, पण विदर्भात त्या खुर्चीचे नाव बडेबाबू. वय छप्पन. निवृत्तीला दोन वर्षे उरलेली. कपाळावर चौंडेश्वरीचे कुंकू, खिशात दोन पेने, आणि टेबलावर एक लांबोडकी वही. मी गेलो तेव्हा खिडकीबाहेर विद्यार्थ्यांची ही रांग लागलेली आणि बडेबाबू संगणकासमोर दोन्ही हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसलेले. हा माणूस स्वस्थ बसलेला मी पंधरा वर्षांत पाहिला नव्हता.

मला पाहून ते म्हणाले, "सर, माझं बटन कुठं गेलं जी?"

मी आधी त्यांच्या सदऱ्याकडे पाहिले. मग कळले की बटण सदऱ्याचे नव्हे, संगणकाचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत कचेरीतला जुना संगणक जाऊन नवा आला होता. तो आणून देणारा पोरगा तारा जोडून, चहा पिऊन निघून गेला. नव्या यंत्राबरोबर नवी कार्यप्रणाली आणि तिचा नवा चेहरामोहरा आला आहे, हे बडेबाबूंना सांगावे असे त्याला वाटले नाही. आम्हां प्राध्यापक मंडळींनाही वाटले नाही. वीस वर्षे बडेबाबू पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातले बटण दाबून दिवसाचे काम सुरू करीत. त्या सकाळी तिथे दाबले तर बटणाच्या जागी हवामानाची वर्दी! आज पाऊस पडेल म्हणे.

"मले का खिडकीतून पाऊस दिसत नाही का?" बडेबाबू म्हणाले. पण हसले नाहीत.

बटण सरकून मध्ये गेले होते. ते सापडल्यावर पुढचे सापडेना. माऊसची उजवी कळ दाबली की पूर्वी 'कॉपी', 'पेस्ट' असे शब्द येत. आता कात्री आणि कागद यांची बारीक चित्रे आली होती. शिकलेल्या माणसाला पुन्हा बालवाडीत बसवून चित्रे ओळखायला लावावीत तसा प्रकार! आणि कहर म्हणजे, बोनाफाईड दाखल्याचा मराठी मसुदा उघडला तर त्यात एकही मराठी अक्षर नाही. रोमन अक्षरांची आणि चिन्हांची नुसती खिचडी.

रांगेत आंधळगावची एक मुलगी होती. कोष्ट्याची पोर. शिष्यवृत्तीसाठी तिला दाखला त्याच दिवशी हवा होता. शेवटी बडेबाबूंनी तो हाताने, वळणदार अक्षरात लिहून दिला. दुपारी ते माझ्या खोलीत आले आणि माझ्यासमोर एक कागद ठेवला.

"सर, जरा ऱ्हस्वदीर्घ पाहून द्या जी."

तो स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज होता.

मिठाचा डबा

एक बटण चार बोटे सरकले म्हणून माणूस नोकरी सोडायला निघतो, हे ऐकून वाचकांपैकी काहींना हसू येईल. मलाही आधी वाटले, बडेबाबू जरा हट्टीच. पण तुमच्या घरातलेच उदाहरण घ्या.

कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा कारभारी. आतली सगळी उस्तवार तो करतो. त्याचे आपल्याला दिसणारे रूप म्हणजे पडद्यावरची मांडणी: कुठे कोणते बटण, कुठल्या चौकटीत काय. ही मांडणी आणि स्वयंपाकघरातली डब्यांची मांडणी यांत फारसा फरक नाही. माझी आई रात्री दिवे गेले तरी चुलीवरच्या वरणात मीठ घाली, आणि ते मीठच असे, साखर नसे. तिला मिठाचा डबा कुठे आहे हे ठाऊक नव्हते. तिच्या हाताला ठाऊक होते. माझे लग्न झाल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी एका रविवारी, सासूबाईंना आराम म्हणून, सगळी मांडणी नव्याने लावली. डबे घासून लख्ख केले, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, उंचीप्रमाणे ओळीने ठेवले. मांडणी आधीपेक्षा चांगली होती हे मी आजही शपथेवर सांगेन. आई आठवडाभर काही बोलली नाही. फक्त तिच्या हातच्या आमटीची चव गेली.

आमच्याकडे श्रावणाच्या आगेमागे रोवणी चालते तेव्हा बाया चिखलात वाकून धान रोवताना पाहाव्यात. गप्पा चाललेल्या, गाणे चाललेले, आणि हात रोपांची मूठ सोडवून बरोबर अंतरावर रोपटे खोचत असतो. आंधळगावच्या हातमागावर कोसा विणणाराचेही तेच. धोटा इकडून तिकडे जातो तेव्हा तो धोट्याकडे पाहत नाही. कुठलेही काम अंगवळणी पडले की ते डोक्यातून उतरून हातात जाते, आणि डोके दुसऱ्या कामाला मोकळे राहते. बडेबाबू टंकलेखन करता करता खिडकीतल्या मुलाला "बाळा, फोटो नाही लावलास," असे सांगत, ते याच बळावर. मांडणी बदलली की हातात गेलेले काम पुन्हा डोक्यात चढते. छप्पन्नाव्या वर्षी, खिडकीशी रांग उभी असताना, ते किती जड होत असेल!

एका बटणाची कुळकथा

या बटणाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. ते प्रथम आले २४ ऑगस्ट १९९५ रोजी, मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज ९५ बरोबर. कोपऱ्यात 'स्टार्ट' असा शब्द लिहिलेले. नवख्या माणसाने संगणकापुढे बसून "आता काय करू?" असे विचारले तर त्याला एका शब्दात उत्तर: इथून सुरू कर. कल्पना इतकी सोपी की जगभरच्या कचेऱ्यांतून ती रुळली. महाराष्ट्रात पुढे गावोगावच्या केंद्रांतून एम.एस.-सी.आय.टी.चे वर्ग निघाले, तालुक्यातालुक्यांतले शिक्षक, तलाठी, लिपिक संध्याकाळी तिथे जाऊन बसले, तेव्हा त्यांचाही श्रीगणेशा याच बटणाने झाला. आमच्या बडेबाबूंचाही.

ऑक्टोबर २००१ मध्ये एक्सपी नावाची आवृत्ती आली. हिरवे बटण, निळी पट्टी, आणि पडद्यावर हिरव्यागार टेकडीचे ते प्रसिद्ध छायाचित्र. कॅलिफोर्नियातली ती टेकडी चार्ल्स ओरिअर या छायाचित्रकाराने १९९६ साली टिपली होती. आज लोक त्या एक्सपीची आठवण निघाली की माहेरच्या आठवणीसारखे हळवे होतात. पण ती आली तेव्हा जाणकारांनी तिला नाके मुरडली होती, हे फारसे कुणाला आठवत नाही. हे काय पोरांच्या खेळण्यासारखे रंग, असे ते म्हणत. आणि ८ एप्रिल २०१४ रोजी कंपनीने एक्सपीची देखभाल थांबवली तेव्हा लोक तिला सोडायला तयार नव्हते! आज ज्याला आपण 'आपले जुने' म्हणून कवटाळतो, ते एकेकाळचे 'हे काय नवीन खूळ' असते.

खरा गहजब झाला तो ऑक्टोबर २०१२ मध्ये. विंडोज ८ आली आणि कोपऱ्यातले बटणच नाहीसे झाले. त्याच्या जागी साऱ्या पडद्यावर रंगीत फरशा. बोटाने स्पर्श करायच्या पाट्यांचा जमाना आला होता. अ‍ॅपलचे आयपॅड २०१० साली बाजारात आले होते. तेव्हा टेबलावरचा संगणक आणि हातातली पाटी या दोघांना एकच पोशाख शिवावा, असा कंपनीचा विचार. तो मुळात वेडगळ नव्हता. शिवाय लोक ते बटण पूर्वीपेक्षा कमी वापरतात, हे कंपनीच्या माणसांनी आकडे मोजून दाखवलेही होते. पण आकड्यांना एक गोष्ट कळली नाही. घराचे मागचे दार आपण दिवसातून किती वेळा उघडतो? म्हणून कुणी ते विटांनी बुजवत नाही!

लोकांची अवस्था काय झाली म्हणता? ज्यांना माऊसशिवाय दुसरे साधन नाही, त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यांत बाण नेऊन चाचपडायचे. संगणक बंद कसा करायचा, हेच कित्येकांना सापडेना. हरवलेले बटण परत बसवून देणारी कार्यतंत्रे दुसऱ्याच लोकांनी तयार केली. काही फुकट वाटली, काही चक्क विकली. अखेर कंपनीला एक पाऊल मागे घ्यावे लागले. ऑक्टोबर २०१३ मध्ये बटण परत आले, आणि जुलै २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० मध्ये त्यामागची यादीही परतली. लोक निवांत झाले. तोच ५ ऑक्टोबर २०२१ रोजी विंडोज ११ आली, आणि बटण कोपऱ्यातून उठून पट्टीच्या मध्यावर जाऊन बसले. पुढे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभालही संपली. जुन्यावरच राहावे तर सुरक्षिततेची काळजी. नव्यावर जावे तर कैक जुनी यंत्रे त्या नव्याला चालत नाहीत. घरोघरी हा पेच पडला.

पंडितही रडले

आता कुणी म्हणेल, ही कुरकुर अडाण्यांची. शहाण्यांना बदलाचे भय नसते. तर त्यांच्यासाठी दुसरी कथा.

लिनक्स नावाची एक मुक्त कार्यप्रणाली आहे. तिचा गाभा लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या तरुणाने १९९१ साली लिहिला. तिच्यावर चढवायचे ग्नोम नावाचे एक लोकप्रिय दर्शनी रूप आहे. एप्रिल २०११ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली ती जुनी मांडणी पार पालटून. इथे वापरणारे लोक म्हणजे संगणकाचे पंडित. पण त्यांनी जो आरडाओरडा केला त्यापुढे आमचे बडेबाबू म्हणजे मौनी बाबा! खुद्द टोरवाल्ड्स रागावून दुसऱ्या मांडणीकडे निघून गेले, आणि दोनएक वर्षांनी, बारीकसारीक दुरुस्त्यांची सोय झाल्यावर, परत आले. काहींनी जुन्या मांडणीची प्रत काढून ती 'माटे' या नावाने जिवंत ठेवली. आडनावासारखे दिसले तरी हे नाव मराठी नव्हे हो. दक्षिण अमेरिकेतल्या एका पेयाचे ते नाव. आणखी काहींनी 'सिनॅमन', म्हणजे दालचिनी, नावाची वेगळी मांडणी उभी केली.

तेव्हा हातवळणाचा लोभ साऱ्यांनाच सारखा. फरक एवढाच की पंडिताला राग आला की तो स्वतःचे वेगळे घर बांधतो. बडेबाबूंसारख्या माणसाला राग आला तर त्याला अर्ज लिहिण्यापलीकडे काही करता येत नाही.

आणि त्यांचे नुकसानही अधिक. ज्याला आतले तत्त्व कळले आहे तो बटण हलले तरी दोन दिवसांत ते शोधून काढतो. ज्याने 'वरून तिसरे नाव, मग उजवीकडची चौथी चौकट' असे जागेवरून पाठ केले आहे, त्याचे पाठांतरच बुडते. बडेबाबूंच्या त्या लांबोडक्या वहीत वीस वर्षांचे हे पाठांतर होते. १. कोपऱ्यातले बटण दाबणे. २. वरून तिसरे नाव. ३. पिवळी पिशवी उघडणे. एकेक पायरी, लाल शाईने अंक घातलेली. ती वही एका रात्रीत रद्दी झाली.

बोटांची वाट

मराठी माणसाच्या बाबतीत या दुखण्याला आणखी एक पदर आहे, तो लिपीचा.

बडेबाबू मराठी टंकलेखन शिकले ते भंडाऱ्याच्या एका टायपिंग क्लासात, खऱ्याखुऱ्या टाईपरायटरवर. शाळकरी वयात ते यंत्र त्यांना देवासारखे वाटे. गोदरेजने पूर्णतः भारतीय बनावटीचा टाईपरायटर १९५५ साली काढला. पुढे देशोदेशीचे कारखाने बंद पडत गेले, तरी तो २००९ पर्यंत बनत होता. सरकारी परीक्षेत मिनिटाला तीस शब्द, मग चाळीस. दहाही बोटांना आपापल्या कळा नेमून दिलेल्या. संगणक आले तेव्हा भारतीय भाषांसाठी १९८६ साली इन्स्क्रिप्ट नावाची नवी शास्त्रशुद्ध कळमांडणी ठरली. ती वर्णमालेच्या क्रमाला धरून आहे, सगळ्या भारतीय लिप्यांना जवळजवळ सारखीच आहे, आणि नव्याने शिकणाराला सोपी आहे. पण टाईपरायटरवर तयार झालेल्या बोटांना ती परकी. म्हणून खाजगी कंपन्यांनी जुन्याच कळमांडणीचे मराठी टंक काढले आणि ते गावोगावच्या कचेऱ्यांतून चालले.

त्या टंकांत एक खोट होती. आत साठवली जात ती रोमन अक्षरांची संकेतचिन्हे. वरून त्यांना मराठी मुखवटा. टंक यंत्रात आहे तोवर मराठी; टंक नसलेल्या दुसऱ्या यंत्रावर कागद उघडला की मुखवटा गळून पडे. बोनाफाईड दाखल्याची खिचडी झाली ती यामुळे. हे सारे युनिकोडने सुधारले. जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक, ही त्यातली कल्पना. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि तिच्यात देवनागरी होती. विंडोजमधून वर्षानुवर्षे दिसणारा 'मंगल' हा देवनागरी टंक रेखाटला तो आपल्या र. कृ. जोशी यांनी. कवी, सुलेखनकार आणि मुंबईच्या आय.आय.टी.तले अध्यापक. २००८ साली ते गेले. आपल्या फोनवर, संगणकावर आज मराठी बिनबोभाट उमटते, त्यामागे अशा माणसांचे कष्ट आहेत.

म्हणजे बदल हवाच होता! जुन्या टंकांना चिकटून राहिलो असतो तर प्रत्येक कचेरीचे मराठी दुसऱ्या कचेरीला वाचता आले नसते. मुद्दा असा की युनिकोड आले तेव्हा त्यात टाईपरायटरच्याच कळमांडणीने लिहिण्याची सोयही काही शहाण्या लोकांनी करून ठेवली. आतला संकेत पालटला, पण बोटांची वाट मोडली नाही. सुधारणेची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते.

असे शहाणपण आपल्या देशाने पूर्वीही दाखवले आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे जाऊन शंभर नवे पैसे. एका आण्याचे सव्वासहा. वाण्याच्या दुकानात केवढा घोळ झाला असेल! पण सरकारने जुनी नाणी त्याच दिवशी बाद केली नाहीत. काही वर्षे दोन्ही बरोबरीने चालू दिली. लोकांना 'नवा पैसा' पुरता सवयीचा झाल्यावर १ जून १९६४ पासून त्याचे नुसते 'पैसा' झाले. आणे जाऊन इतकी वर्षे झाली, तरी पन्नास पैशांना आम्ही आठ आणेच म्हणतो. याउलट लखनौच्या लिपिपरिषदेचे पाहा. १९५३ साली तिथे मोठमोठ्या विद्वानांनी देवनागरीतली ऱ्हस्व वेलांटी डावीकडून उजवीकडे नेली. टाईपरायटरला आणि छपाईला सोयीचे म्हणून. युक्तिवाद बिनतोड होता. पण वाचणाराच्या डोळ्याला ते मानवेना, आणि चार वर्षांत, १९५७ साली, वेलांटी आपल्या जागी परत आली. विंडोज ८ च्या बटणाआधी साठ वर्षे आपल्याकडे हा प्रयोग होऊन गेला होता!

लाल पेन्सिल

इथवर लिहून मी थांबलो असतो, तर सारा दोष कुठल्यातरी दूरच्या शहाण्यांवर ढकलून मोकळा झालो असतो. पण बडेबाबूंचा अर्ज पुढ्यात घेऊन, लाल पेन्सिल हातात धरून बसलो, तेव्हा मला माझीच एक गोष्ट आठवली.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. त्यांचे शिक्षण १९६२ पूर्वीचे. त्या काळी 'नांव', 'गांव', 'पांच', 'कांहीं' असे अनुस्वार देऊन लिहीत. प्रत्येक टिंबामागे व्युत्पत्तीचे कारण असे, आणि ती टिंबे बिनचूक देणे ही सुशिक्षितपणाची खूण होती. १९६२ साली साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने स्वीकारले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. सुधारणा उत्तमच, मी स्वतः ती वर्षानुवर्षे शिकवतो. बाबा शाळेत नव्या नियमाने शिकवीत, पण घरच्या पत्रात हात जुन्या वाटेने जाई.

मी नागपूरला एम.ए. करीत होतो. नवा नवा विद्वान! बाबांचे दोन पानी पत्र आले. आईचा गुडघा, धानाचा भाव, चौंडेश्वरीच्या यात्रेची गर्दी. मी त्यातल्या बावीस टिंबांभोवती लाल पेन्सिलीने गोल केले आणि पत्र परत पाठवून दिले. थट्टा म्हणून. बाबा रागावले नाहीत. पण त्यानंतर त्यांची पत्रे आखूड झाली. पोस्टकार्डावर तीन ओळी. "सर्व कुशल. पैसे पाठवले. तब्येत जपणे." एकही टिंब चुकलेले नाही, आणि एकही गोष्ट सांगितलेली नाही. त्यांना पुढे आठ वर्षे आयुष्य लाभले. तसे दोन पानी पत्र मला पुन्हा आले नाही.

माणसाच्या हाताला जडलेली वाट आपण मोडतो तेव्हा त्याचे एक काम तेवढे थांबत नाही. आपल्याला काही येते, हा त्याचा भरवसाही जातो. आणि तो भरवसा गेला की माणूस भांडत नाही, गप्प होतो. बडेबाबू त्या सकाळी मांडीवर हात ठेवून बसले होते, तसा.

शनिवारची शिकवणी

मी अर्ज खणात टाकला आणि घरी जाऊन दहावीतल्या मुलीला सगळी हकीकत सांगितली. ती म्हणाली, "बाबा, बटण डावीकडे नेता येतं. दोन मिनिटांचं काम आहे." आणि ते खरे होते. पट्टीची मांडणी ठरवण्याच्या खिडकीत 'मध्ये' आणि 'डावीकडे' असे दोन पर्याय होते. करणाराने सोय ठेवली होती. आम्ही कुणी ती सांगितली नव्हती.

शनिवारी तिला घेऊन कचेरीत गेलो. तिला एकच बजावले होते: माऊसला हात लावायचा नाही. ती शेजारी उभी राहून सांगत होती, "काका, आता तिथे दाबा," आणि बडेबाबू आपल्या हाताने करीत होते. बटण कोपऱ्यात आले. चित्रांपैकी कुठले कॉपीचे आणि कुठले पेस्टचे, ते त्यांनी नव्या वहीत चित्रे काढूनच टिपून घेतले. युनिकोडची, टाईपरायटरच्या कळांची सोय माझ्या एका विद्यार्थ्याने बसवून दिली. जुने मसुदे नव्या संकेतात उतरवणारे साधनही असते, तेही त्याने दाखवले. काही ठिकाणी जोडाक्षरे बिघडली, ती आम्ही दोघांनी मिळून दुरुस्त केली.

मग बडेबाबूंनी पहिला कागद घातला. खिडकीबाहेर पाहत, दहाही बोटांनी, न अडखळता. मुलगी पाहतच राहिली. फोनवर दोन अंगठ्यांनी, रोमन अक्षरांतून मराठी काढणारी पिढी ती! "काका, तुम्ही कळांकडे बघतच नाही?"

"बघून केलं तं मग काम कधी होईल बेटा?" बडेबाबू म्हणाले. त्या दिवसापासून ती दर शनिवारी त्यांच्याकडे टंकलेखन शिकायला जाते.

आणखी एक गंमत. दोन महिन्यांनी पाहतो तो बडेबाबूंच्या पडद्यावर बटण पुन्हा मध्यावर! मी विचारले तर म्हणाले, "राहू द्या जी. साऱ्याच मशिनीवर मधातच येते. सवय केलेली बरी." बदलाला त्यांचा विरोध नव्हताच. न सांगता, न विचारता झालेल्या बदलाला होता.

वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत तुमच्या घरी मुले-नातवंडे येतील. कुणीतरी हौसेने आजोबांचा फोन नवा आणील, वडिलांचा संगणक 'अपडेट' करून देईल. अवश्य करावे, जुन्याला कवटाळून बसण्यात शहाणपण नाही. पण करण्याआधी सांगावे. जुनी वाट काही दिवस मोकळी ठेवता आली तर ठेवावी. आणि शिकवताना त्यांच्या हातातून माऊस ओढून घेऊ नये. दोन मिनिटांच्या कामाला वीस मिनिटे लागतील, तर लागू द्यावीत. भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगावच्या मंडया सुरू होतात, रात्र रात्र दंडार रंगते. तिथे म्हातारा सोंगाड्या नव्या पोराला पाऊल शिकवतो ते असेच, शेजारी उभा राहून.

राहता राहिला तो अर्ज. तो अजून माझ्या खणात आहे. मी तो ओळीओळीने तपासला. ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक सापडली नाही. लाल पेन्सिल टेकवायला कुठे जागाच नव्हती. बडेबाबूंनीही तो परत मागितलेला नाही.